बाबांच्या मणक्यात कार्बनचे रॉड घालायचे म्हणून आडगावचा प्लॉट विकायचा का?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई नाशिकच्या इंदिरानगरला राहतात, बाबा ६८ वर्षांचे, अंबडच्या कंपनीतून रिटायर झालेले, किडनीचा कॅन्सर होता तो आता पाठीच्या दहाव्या मणक्यात गेलाय आणि मणका खचायला लागलाय. मुंबईच्या सर्जननी सांगितलंय की वरखाली स्क्रू-रॉड घालून मणका पक्का करू आणि मग त्या जागेवर रेडिएशन देऊ. टायटॅनियमचं एस्टिमेट ६ लाख २० हजार, कार्बन फायबरचं ९ लाख. पॉलिसी ७ लाखांची, त्यातले दीड लाख यावर्षी वापरून झालेत, रिन्युअल पुढच्या महिन्यात. बाबांच्या नावावर ८ लाखांची एफडी, पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये ९ लाख, आणि आडगावला दोन गुंठे प्लॉट. पुण्याचा भाऊ म्हणतोय प्लॉट काढून टाकू, गिऱ्हाईक पंधरा दिवसात १७ लाखाला तयार आहे, निम्मे कॅशमध्ये. आणि ताई विचारतायत, "बाबांसाठी सगळ्यात भारी तेच घ्यायचं ना, पैशाकडे कशाला बघायचं?"

बघायचं. कारण हे ऑपरेशन म्हणजे खर्चाचा शेवट नाहीये, मधला टप्पा आहे, पुढे रेडिएशन आहे, गोळ्या आहेत, दर काही महिन्यांनी एमआरआय आहे. सगळं इम्प्लांटवर घालवून बसलात आणि गोळ्यांच्या वेळी हात आखडता घ्यावा लागला तर ते बाबांच्या जास्त तोट्याचं.

आधी ऑपरेशनबद्दल, कारण ते करायचं की नाही अशी शंका पण तुमच्या मेसेजमध्ये कुठेतरी डोकावतेय. सर्जननी तुम्हाला स्कोअर १४ सांगितलाय, तो मणका किती डळमळीत आहे ते मोजणारा स्कोअर आहे, १८ पैकी असतो आणि १३ किंवा जास्त म्हणजे अस्थिर धरतात. मज्जारज्जू दाबला गेलेल्या पेशंटवर २००५ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात ऑपरेशन अधिक रेडिएशन घेतलेल्यांपैकी ८४ टक्के लोक नंतर चालू शकत होते आणि नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. बाबांची केस तंतोतंत तीच आहे का ते डॉक्टरच सांगणार, पण स्वतःच्या पायाने बाथरूमला जाता येणं याची किंमत मी कॅल्क्युलेटरवर काढत बसणार नाही. ऑपरेशनला माझा पाठिंबाच आहे. प्रश्न फक्त वरच्या २ लाख ८० हजारांचा.

कार्बनचं नेमकं काय असतं ते समजून घ्या, कारण इथे बरेच जण गंडतात. तुम्ही लिहिलंय की कार्बन जास्त मजबूत असतं म्हणून महाग आहे. तसं नाहीये, टायटॅनियम पण पुरेसं मजबूत आहे आणि इतकी वर्षं जगभर तेच घालतायत. कार्बनचा खरा फायदा असा की ते एक्स-रे ला जवळजवळ पारदर्शक असतं. टायटॅनियमच्या स्क्रूभोवती एमआरआय आणि सीटीमध्ये काळे-पांढरे फराटे येतात आणि नेमकी त्याच भागात गाठ परत वाढतेय का ते दिसत नाही, शिवाय रेडिएशनचं प्लॅनिंग करताना मज्जारज्जूची कड अंदाजाने काढावी लागते आणि धातूमुळे डोसचा हिशोब पण हलतो. कार्बनमध्ये हा त्रास खूप कमी होतो. तोटे पण आहेत, टायटॅनियमचा रॉड ऑपरेशन चालू असताना हवा तसा वाकवता येतो, कार्बनचा नाही, तो आधीच ठरलेल्या बाकात बनून येतो. आणि कार्बन घातलं म्हणून पेशंट जास्त जगतो असं कुणी ठामपणे दाखवलेलं नाही, तेव्हा कुणी तसं सुचवलं तर सरळ दुर्लक्ष करा.

म्हणजे हे जास्तीचे पैसे आहेत ते रेडिएशनच्या डॉक्टरांच्या सोयीचे, आणि म्हणूनच हा प्रश्न सर्जनला किंवा इम्प्लांट कंपनीच्या माणसाला विचारू नका, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. एकच वाक्य, "सर, टायटॅनियम घातलं तर तुमच्या प्लॅनमध्ये काय बदलेल?" ते म्हणाले की साधं पाच-दहा सीटिंगचं दुखणं कमी करणारं रेडिएशन आहे, काही फरक नाही, तर डोळे झाकून टायटॅनियम घ्या आणि मनाला अजिबात लावून घेऊ नका. पण ते जर म्हणाले की थोड्या सीटिंगमध्ये मोठा डोस नेमक्या जागी द्यायचाय, ज्याला ते एसबीआरटी म्हणतात, तर मग कार्बनला अर्थ आहे. किडनीचा कॅन्सर साध्या रेडिएशनला तितकीशी दाद देत नाही म्हणून अशा केसमध्ये एसबीआरटीकडे डॉक्टरांचा कल असतो, त्यामुळे माझा अंदाज की तुमचं उत्तर कार्बनकडे झुकेल. ते त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या, पुढे विम्याला लागेल.

आता विमा. इथे तुमचा हिशोब चुकलाय. तुम्ही धरलंय की कार्बनचे जास्तीचे पैसे कंपनी देईल. पण कव्हर उरलंय साडेपाच लाख आणि टायटॅनियमचंच बिल त्याच्या वर जातंय, म्हणजे कंपनीने कार्बन मंजूर केलं तरी वरचे पैसे जवळपास सगळे तुमच्याच खिशातून जाणार. हे आजच मान्य करून टाका.

खोलीचं मात्र तुमच्या हातात आहे आणि तिकडे कुणी लक्षच देत नाही. पॉलिसीत रूम रेंट दिवसाला ५ हजार, एस्टिमेटमध्ये रूम ८ हजारांची. लोकांना वाटतं वरचे तीन हजार आपण भरू, संपलं. तसं नसतं, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात, आठातले पाचच देतात. तुमच्या एस्टिमेटमध्ये असे चार्जेस २ लाख ४० हजार दिसतायत, त्यातले ९० हजार क्लेममधून कापले जातील, केवळ खोलीपायी! कार्बनचं बिल कव्हरच्या इतकं वर आहे की तिथे मिळणाऱ्या रकमेत फरक पडणार नाही, पण टायटॅनियमचा क्लेम साडेपाच लाखांच्या खाली येईल. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचा नियम आहे, लावली तर भांडा. पण मुळात ५ हजारांचीच रूम घ्या, ट्विन शेअरिंग असली तरी चालेल, बाबा पहिले दिवस आयसीयूमध्येच असणार आहेत.

प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधी विमा कंपनीकडे मागायची मंजुरी, पाठवताना इम्प्लांटचं नाव आणि रेडिएशनवाल्यांचं पत्र सोबत जाऊ दे, नंतर "हे गरजेचं नव्हतं" म्हणत अख्ख्या इम्प्लांटवर क्वेरी काढायला जागा ठेवू नका. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्याला सरकारने कमाल किंमत ठरवून दिलीय, मणक्याच्या स्क्रूला तशी नाही, त्यामुळे कोटेशनवर घासाघीस करायला लाजू नका, हॉस्पिटलच्या बिलिंगला भेटून बोला, कमी होतं बऱ्याचदा. आणि प्रत्येक स्क्रू-रॉडचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला आहे ना ते डिस्चार्जआधी बघा, एस्टिमेटमध्ये सहा स्क्रू आणि स्टिकर चारच असं झालं तर तिथल्या तिथे विचारा.

रिन्युअलचा हप्ता एक दिवसही उशिरा भरू नका. ऑपरेशननंतर जखम भरायला वेळ देऊन साधारण दोन-चार आठवड्यांनी रेडिएशन सुरू करतात, म्हणजे तोवर पॉलिसीचं नवीन वर्ष लागून ७ लाख परत ताजे झालेले असतील. क्लेम जास्त झाले म्हणून कंपनी रिन्युअल नाकारू शकत नाही, तो धसका काढून टाका. पण विम्यासाठी म्हणून रेडिएशन पुढे ढकलू पण नका, तारीख डॉक्टर ठरवतील.

मग पैसे कुठून? एफडीतून. कार्बनला खिशातून साडेतीन ते चार लाख धरा, मुंबईच्या खेपा आणि हॉस्पिटलजवळची खोली वेगळी. एफडीतले चार लाख उरतात, गोळ्यांचे तुम्ही महिना २० हजार लिहिलेत, म्हणजे २० महिन्यांची सोय झाली, आणि भावाने निम्मा वाटा उचलला तर आणखी लांबेल. पोस्टाच्या ९ लाखांना हात लावू नका, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १८,४५० येतात त्यावर आई-बाबांचं घर चालतंय, आणि त्यातून थोडे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं.

आणि प्लॉट. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तिथे २२ लाखांचा भाव चालू आहे. २ लाख ८० हजारांची नड भागवायला ५ लाखांचं नुकसान, हा कुठला व्यवहार? वर निम्मे कॅश म्हणे. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घेतलीत तर घेतली तेवढीच पेनल्टी लागू शकते, आणि ती लागणार बाबांना, कारण सातबारा त्यांच्या नावावर आहे. आजारी माणसाच्या घरी असली गिऱ्हाइकं कशी काय बरोब्बर पोचतात देव जाणे. भावाला सांगा, पुढच्या वर्षी गरज पडलीच तर विकू, पण आपण ठरवलेल्या किमतीला आणि चेकने.

एक काम या आठवड्यातच करा. एफडी बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे असं दिसतंय. नॉमिनी असून उपयोग नाही, बाबा आयसीयूमध्ये असताना ती तुम्हाला मोडता येणार नाही. बाबांना घेऊन बँकेत जा, बसवत नसेल तर मॅनेजरला घरी माणूस पाठवायची विनंती करा, तुमचं नाव जॉइंट लावून घ्या, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, पण मुदतीआधी मोडायला तरीही दोघांच्या सह्या लागू शकतात, तेव्हा एकट्या तुमच्या सहीने मोडता येईल का ते बँकेकडून लेखी करून घ्या, नाहीतर ऑपरेशनला लागणारे पैसे आधीच मोकळे करून ठेवा, आणि त्याच वेळी एका मोठ्या एफडीच्या दोन-दोन लाखांच्या चार करून घ्या म्हणजे लागेल तेवढीच मोडेल. मोडायचा दंड साधारण अर्धा ते एक टक्का असतो, तो आधी विचारून घ्या. रेडिएशनवाल्यांचं पत्र हातात आलं की मला इथेच कळवा, प्री-ऑथमध्ये काय लिहायचं ते बघू.