परत आलेलं पुस्तक उघडून बघ

पगार कमी आहे आणि कमीच राहणार, त्यावर डोकं शिणवू नकोस. ग्रंथालयात नवीन आहेस, म्हणून एकच सांगते. परत आलेलं पुस्तक शिक्का मारून लगेच कपाटात ढकलायचं नाही, आधी उघडायचं. परवा एकात मांडवीच्या दुकानाची पावती निघाली, मागे पेन्सिलीने कठीण शब्दांची यादी. कुणीतरी मराठी शिकतंय! मी अर्थ लिहून ती तशीच ठेवली. सयाजीरावांनी १९१० साली बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय काढलं, खेड्यांत पेट्या भरून पुस्तकं धाडली. त्या पेट्या भरणारेही आपल्यासारखे पगारीच. आणि हो, पेपर वाचायला येणारे आजोबा चष्मा विसरले तर मथळे वाचून दाखव. साहेब कुरकुरतील, कुरकुरू देत.