शेल शिकताना आधी अवतरणचिन्हे

लिनक्सवर शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) शिकायला घेतले असेल, तर आज्ञा पाठ करण्याआधी बॅश हा शेल आपण लिहिलेली ओळ कशी वाचतो, हे समजून घ्यावे. आज्ञा चालवण्यापूर्वीच तो चलांच्या (किमती साठवणाऱ्या नावांच्या) जागी त्यांच्या किमती भरतो आणि मोकळी जागा दिसेल तिथे त्यांचे तुकडे पाडतो. त्यामुळे चलात ‘वीज बिल.पीडीएफ’ हे नाव असून ते दुहेरी अवतरणचिन्हांत नसेल, तर ‘आरएम’ ही फायली पुसणारी आज्ञा ‘वीज’ आणि ‘बिल.पीडीएफ’ अशा दोन फायली पुसायला जाते. (तिने पुसलेले कचरापेटीत जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.) अशा वेळी आज्ञेआधी ‘इको’ (मजकूर नुसता छापणारी आज्ञा) लावून पाहण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्यात तुकडे कुठे पडले ते कळत नाही, त्यापेक्षा ‘आरएम’च्या जागी फायलींची यादी दाखवणारी निरुपद्रवी ‘एलएस’ घालून ‘सेट -एक्स’ (प्रत्यक्ष चालणारी आज्ञा तुकड्यांसह दाखवणारी सोय) लावलेले बरे.