आधी तो ड्रॉवर रिकामा कर

"ताई, मला ग्रेव्ह्ज डिसीज आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते, दीड वर्ष झालं. मधे बरं चाललं होतं पण गेले चार-पाच महिने पुन्हा सगळं उसळलंय. झोप नाही, हात थरथरतात, छातीत धडधड, वजन उतरतंय आणि राग तर विचारू नका. परवा माझ्या हातातला ग्लास पडेल म्हणून नवऱ्याने पटकन धरला तर मी त्याच्या हातावर चापट मारली. ऑफिसात मात्र मी शांत असते, हे सगळं घरीच होतं. तीन दिवस ऑफिस आणि चार दिवस घर असं झाल्यापासून तर जास्तच. नवऱ्याला आजाराचं सांगितलेलं नाही, त्याने आधीच वडिलांचं आजारपण सहा वर्षं काढलंय, त्याला पुन्हा त्यात ओढायचं नाही. कार्बिमाझोल आणि प्रोप्रानोलॉल, माझ्या दोन्ही गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात, त्यामुळे घरी विषय निघत नाही. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, फरक नाही, आता रेडिओआयोडीनचं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देण्याचं, बघू म्हणतात. मला वाटतं मला हे घरच मानवत नाही. काही महिने वेगळं राहू का?"

अगं, तुझं पत्र खाली ठेवून मी आधी बोटं मोजली. तीन दिवस ऑफिस, चार दिवस घर, आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये. मग घरच्या चार दिवसांत तू काय घेतेस? पत्रभर शोधलं, एका शब्दाने लिहिलेलं नाहीस. ड्रॉवरचं वाक्य तू असं सहज लिहून गेलीस जसं काही छत्री कुठे ठेवते ते सांगतेयस, आणि मला मात्र त्या पत्रात दुसरं काही दिसेचना.

घरात विषयच निघत नाही म्हणतेस म्हणजे घरी गोळी घेत नाहीस असंच मी धरते. चुकत असेन तर मला कळव, पण मला नाही वाटत मी चुकतेय, कारण तुझं कोडं मग तंतोतंत सुटतं.

प्रोप्रानोलॉल थायरॉईड बरा करत नाही. जास्तीच्या हार्मोनमुळे हृदय पळतं, हात थरथरतात, डोकं तापतं, जीव घाबराघुबरा होतो, ते ती गोळी आवरून धरते. साधी गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत गुण येतो आणि रक्तातलं तिचं प्रमाण ३ ते ६ तासांत निम्म्यावर येतं, म्हणून तर ती दिवसातून दोन-तीनदा घ्यायला सांगतात. तू ऑफिसात घेतेस, ऑफिसात शांत असतेस. रात्रीपर्यंत ती उतरते, घरच्या चार दिवसांत तर नसतेच, आणि रोजची घेऊन अशी एकदम सोडली की धडधड कधी कधी आधीपेक्षा जोरात उलटते. म्हणजे कलीग लोकांना मिळते ती औषध घेतलेली तू, आणि नवऱ्याच्या वाट्याला बिनऔषधाची. आणि यावरून तू निष्कर्ष काय काढलास तर घर मानवत नाही! वेगळं राहायला गेलीस तरी ड्रॉवर ऑफिसातच राहणार ना गं, मग तिथल्या भिंतींवर ओरडशील.

दुसरी गोळी याहून फसवी आहे, आणि ते नीट समजून घे कारण तू तिथेच चकलीयेस. ग्रेव्ह्जमध्ये आपल्याच शरीरातल्या अँटीबॉडीज थायरॉईडला सतत 'बनव, बनव' म्हणत राहतात. कार्बिमाझोल नवीन हार्मोन बनणं रोखतं, पण ग्रंथीत आधीच बनवून साठवलेलं असतं त्याला ते हात लावत नाही. तो साठा संपायला वेळ लागतो म्हणूनच सुरुवातीला गुण यायला काही आठवडे जातात, हे तू स्वतः अनुभवलं असशील. आता हेच उलट बाजूने बघ. शनिवारी गोळी चुकली म्हणून शनिवारी काहीही होत नाही. रविवारी होत नाही. म्हणून वाटतं, चाललं की. ग्रंथी मात्र त्या मोकळ्या दिवसांत पुन्हा कामाला लागलेली असते आणि असे दिवस साठत साठत कधीतरी महिन्या-दीड महिन्याने अंगावर येतात. तोपर्यंत चुकलेला शनिवार कुणाच्या लक्षात असतो? तुझा हा भडका कधीपासून आहे बघ, चार-पाच महिने, आणि ऑफिस तीन दिवसांवर कधी आलं ते तूच आठव.

मान्य आहे, ग्रेव्ह्ज गोळ्या वेळेवर घेऊनही उसळतो. बाळंतपणानंतर, स्मोकिंगने, आयोडीन असलेला कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केल्यावर, कधी काही कारण सापडतच नाही. पण आठवड्यातले चार दिवस औषध नसताना दुसरं कारण शोधायला निघणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

आणि मला खरी काळजी वाटली ती इथे, की डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवलाय. ते बिचारे तुझे रिपोर्ट बघून म्हणतात, रोज एवढं औषध घेऊनही टी३-टी४, म्हणजे थायरॉईडचे हार्मोन, खाली येत नाहीत, म्हणजे औषध पुरत नाही. रोज घेत नाहीस हे त्यांना कुणी सांगितलं? आता गोष्ट रेडिओआयोडीनवर आलीये. ती ट्रीटमेंट वाईट नाही, १९४१ पासून वापरात आहे, खूप जणांना तिची गरज असते आणि त्यांचं आयुष्य तिने सुधारतं. पण त्यात ग्रंथी जाळली जाते, ती परत येत नाही, आणि त्यानंतर बहुतेकांना थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड हार्मोनचीच, गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. रोज. ती तू कुठे ठेवणार आहेस? गोळ्यांचा कोर्स साधारण १२ ते १८ महिने सलग घ्यायचा असतो, मग अँटीबॉडीज बघून बंद करायचा का ते ठरतं, बंद केल्यावर निम्म्या जणांना आजार परत येतो हेही खरं. पण निम्म्या जणांना येत नाही. तू कोणत्या निम्म्यात आहेस ते कुणालाच कळलेलं नाही कारण सलग कोर्स तुझा झालेलाच नाहीये.

आता नवऱ्याचं. तुला वाटतंय तू त्याच्यासाठी हे सगळं एकटी सोसतेस. त्याबद्दल शाबासकी माझ्याकडून मिळणार नाही. त्याने सहा वर्षं वडिलांचं केलं ना, मग आजारपणात काय करायचं असतं हे तुमच्या घरात सगळ्यात जास्त त्यालाच कळतं, आणि तू परस्पर ठरवून टाकलंस की तो थकलाय, त्याला झेपणार नाही. त्याला विचारलंस का एकदा तरी? आणि वाचवलंस तरी कशापासून? बायको रात्र रात्र जागी असते, वाळत चाललीये, ग्लास धरला तर चापट मारते, आणि का ते त्याला माहीत नाही. वडिलांच्या वेळी त्याला निदान आजाराचं नाव माहीत होतं. आत्ता त्याला वाटत असणार की त्याचंच काहीतरी चुकतंय, किंवा तुला तो नकोसा झालाय. तू त्याला काळजीतून सोडवलं नाहीस गं, नुसतं कारण काढून घेतलंस, काळजी तशीच ठेवलीस.

राग तुझा स्वभाव झालाय का, ही भीती पत्रात ओळीओळीत दिसते मला. नाही झालाय. हार्मोन एवढं वाढलेलं असलं की शांत माणूससुद्धा भडकतो, रडतो, रात्र रात्र तळमळतो. ते ओसरेल. पण ते ओसरवणारी वस्तू ड्रॉवरमध्ये आहे.

तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर आणि हे एवढंच बोल, 'मी गेले पाच महिने आठवड्यातून तीनच दिवस गोळ्या घेतल्यात.' बाकी काही समजावत बसू नकोस. ते रागावतील कदाचित, रागावू देत, त्यांना रोज असे पेशंट भेटतात. फोन आधीच करायचा, कारण वाढवलेला डोस तू एकदम रोज घ्यायला लागलीस तर थायरॉईड उलट फार खाली जाऊ शकतो, आणि प्रोप्रानोलॉलही किती आणि कसं ते त्यांनीच सांगायला हवं. मग ड्रॉवर रिकामा करून सगळ्या स्ट्रिप्स घरी आण आणि जिथे दोघं जेवता त्या टेबलावर ठेव. लपवायची नाही, कपाटात नाही, पर्समध्ये नाही. तो विचारेलच हे काय आहे, तेव्हा सांग. भाषण तयार करू नकोस, त्या चापटेपासून सुरुवात कर.

त्याला सांगायचंच असं मी म्हणते ते फक्त प्रेमापोटी नाही. कार्बिमाझोलने अगदी थोड्या लोकांमध्ये पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात, जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतरही होऊ शकतं. ताप येतो, घसा खूप दुखतो, तोंडात फोड येतात. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, करायची असते, नुसती तापाची गोळी घेऊन झोपायचं नसतं. डोळे किंवा लघवी पिवळीजर्द दिसली तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं. आणि औषध असं अर्धवट सोडत राहिलं की क्वचित थायरॉईड स्टॉर्म येतो, म्हणजे हा आजार एकदम जिवावर बेतेल इतका उसळतो, खूप ताप, नाडी सुसाट, उलट्या-जुलाब, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, तेव्हा थेट इमर्जन्सी गाठायची. असंबद्ध बोलत असशील तेव्हा तू स्वतः कुणाला सांगणार आहेस की मला ग्रेव्ह्ज आहे? घरातल्या माणसाला माहीत हवं.

टी३-टी४चे नंबर खाली येईपर्यंत कॉफी कमी कर, जिममध्ये दमछाक करू नकोस, खोली गार ठेव, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर ब्लड टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद कर कारण त्याने रिपोर्टमध्ये थायरॉईड नसलेला जास्त दिसू शकतो, आणि समुद्री शेवाळाच्या वगैरे सप्लिमेंटना हात लावू नकोस, त्यात आयोडीन भरपूर असतं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम सांगणारा मेंदूकडचा हार्मोन, लगेच सुधारला नाही म्हणून धीर सोडू नकोस, टी३-टी४ जागेवर आल्यावरही तो कित्येक आठवडे, कधी महिनेही दबलेला राहतो.

आणि नवऱ्याला एक काम दे, त्याला ते हवं असेल. रोज सकाळी तू अंथरुणातून उठायच्या आधी त्याने तुझी नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट, आणि आकडा वहीत लिहायचा. शेजारी त्या दिवशीच्या गोळ्या घेतल्या की नाही ते. पुढच्या अपॉइंटमेंटला ती वही घेऊन दोघं जा.