बँकेत जमा झालं तेवढंच उत्पन्न का?

प्रश्न: मी नोकरी सोडून इंटिरियर डिझायनिंगची कामं स्वतंत्रपणे घेते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात दोन कंपन्यांकडून खात्यात ८ लाख १० हजार आले, त्यांनी ९० हजार टीडीएस कापला. घरमालकांकडून ३ लाख ४० हजार आले, त्यातले ६० हजार रोख. हे पैसे प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या तक्त्यात दिसतच नाहीत. मग प्राप्तिकर रिटर्नमध्ये आकडा कुठला टाकायचा? कर बसत नसेल तर रिटर्न भरायलाच हवं का? आणि सीएशिवाय जमेल?

उत्तर: जमेल. तुमचं प्रकरण स्वतः भरण्यासारखंच आहे, फक्त पहिला आकडा बरोबर हवा. बहुतेक जण तिथेच अडखळतात, कारण पासबुक समोर ठेवून बसतात.

कंपन्यांनी तुम्हाला ८ लाख १० हजार दिले असले तरी तुमची बिलं ९ लाखांची होती. कापलेले ९० हजार हे तुमचेच पैसे, तुमच्या नावावर सरकारजमा झालेले. म्हणून जमा धरायची ती पूर्ण ९ लाख. त्यात घरमालकांचे ३ लाख ४० हजार मिळवा, रोखीचे धरून. एकूण १२ लाख ४० हजार. २६एएस ही तुमच्या कमाईची यादी नाही, कापलेल्या कराची आहे. घरमालकांनी कर कापला नाही म्हणून ते त्यात नाहीत, एवढंच. तुमच्या बिलबुकाला पर्याय नाही, आणि ते नीट ठेवाच असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

इंटिरियर डेकोरेशन हा कलम ४४एडीएमधला व्यवसाय आहे. त्यामुळे जमेच्या निम्मी रक्कम, म्हणजे ६ लाख २० हजार, उत्पन्न म्हणून दाखवता येते. लॅपटॉप, प्रवास, प्रिंटआउट, सगळा खर्च उरलेल्या निम्म्यात आला. तो वेगळा मागता येत नाही. मात्र निम्मं हे किमान आहे. प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर जास्तच दाखवायला हवं. बचत खात्याचं व्याज यात मिळवा.

नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न बंधनकारक, सवलत त्यानंतरची गोष्ट. शिवाय रिटर्न भरल्याशिवाय ते ९० हजार परत यायचे नाहीत. 'कर नाही तर कशाला भरायचं' म्हणून हक्काचे पैसे सोडून देणारी माणसं बघितली की मला फार वाईट वाटतं.

फॉर्म आयटीआर-४. वर्षात शेअर्स विकून अल्पकालीन नफा झाला असेल तर हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ घ्यावा लागतो.

आता एक गोष्ट नीट तपासा: मार्चमध्ये दिलेली बिलं. समजा, तुम्ही २८ मार्चला १ लाखाचं बिल दिलं, कंपनीने ३१ मार्चला ते हिशेबात घेऊन १० हजार कापले आणि पैसे मेमध्ये आले. २६एएसमध्ये तो टीडीएस यंदाच दिसणार. मग ते १ लाखही यंदाच्या जमेत धरायचे, नाहीतर तो टीडीएस पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा. टीडीएसच्या तक्त्यात तशी सोय आहे. टीडीएस यंदा मागायचा आणि जमा पुढच्या वर्षी दाखवायची, हे चालणार नाही. तुमच्या ९० हजारांतही असा एखादा आकडा लपलेला नाही ना, हे बिलाशी तारीख जुळवून पाहा. एआयएस, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक, तेही उघडून बघा, तिथे चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

फॉर्ममध्ये ३१ मार्चची रोख शिल्लक, येणं आणि देणं विचारतात. तिथे अंदाजे शून्य ठोकू नका, खरे आकडे लिहा.

रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते वेळेत भरलेलं धरत नाहीत. आणि रिफंड ज्या खात्यात हवा, ते पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट करून ठेवा.