कतान थांबू दे, आधी कार्कासोन

अरे, पहिलाच जर्मन धाटणीचा, म्हणजे नशिबापेक्षा डोकं चालवायचा बोर्डगेम घेतोयस ना? मग कतान थांबू दे. १९९५चा तो खेळ भारीच, पण त्याला निदान तिघं लागतात, आणि सोलापूरच्या उन्हात भरदुपारी तिसऱ्याला घराबाहेर कोण काढणार! कार्कासोन हा त्याच धाटणीचा खेळ दोघांतही रंगतो. ७२ चौकोनी तुकडे. पालथ्या ठेवलेल्यांतला एकेक उचलायचा, त्यावरच्या चित्रातला रस्त्याला रस्ता, शहराला शहर जुळवायचं, वाटलं तर त्यावर आपला गडी, म्हणजे माणसाच्या आकाराची सोंगटी, ठेवायचा. गडी सातच, म्हणून सगळे चित्रातल्या शेतात आडवे झोपवू नकोस. ते डाव संपेपर्यंत परत येत नाहीत. मी असाच अडकलो होतो. मध्येच कुणी बाद होत नाही, तेव्हा आईलाही बसव. शेंगाचटणी मात्र नंतर. तेलाचा डाग पडलेला तुकडा पाठीवरूनच ओळखू येतो.