टेक्सासच्या स्थानिक इतिहासातले कोणते दिवस माहीत असायला हवेत?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी ऑस्टिनला येताय, तर टेक्सासच्या इतिहासातले महत्त्वाचे दिवस कोणते आणि ते कुठे पाळले जातात. मी बरीच वर्षं ह्यूस्टनजवळ राहते आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथली मुलं शाळेत घोकतात त्या तारखा आधी. 2 मार्च 1836 ला वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस या गावी मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर झालं. 6 मार्चला, तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर, सॅन अँटोनियोतलं अलामो हे बंडखोर टेक्सनांच्या ताब्यातलं ठाणं मेक्सिकोच्या सैन्याच्या हाती पडलं. 21 एप्रिलला सॅन जॅसिंटोच्या मैदानात टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टनच्या फौजेने मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आनाच्या सैन्याचा जेमतेम अठरा मिनिटांत फडशा पाडला. त्या मैदानात आज 567 फुटी स्तंभ उभा आहे, देशाच्या राजधानीतल्या वॉशिंग्टन स्मारकाहून उंच. त्याचं काम 1936 मध्ये, शताब्दीच्या निमित्ताने सुरू झालं. त्याच वर्षी राज्यभर करड्या ग्रॅनाइटचे स्मृतिदगड बसवले गेले. हायवेने जाताना कडेला दिसतील. एखाद्यापाशी थांबून मजकूर जरूर वाचा.

एक गोष्ट मात्र त्या जल्लोषात मागे पडली. मेक्सिकोने 1829 मध्येच गुलामगिरी रद्द केली होती आणि 1836 च्या टेक्सास प्रजासत्ताकाच्या घटनेने तिला उलट संरक्षण दिलं. म्हणून माझ्या लेखी टेक्सासचा सगळ्यात मोठा दिवस 19 जून. उत्तर-दक्षिण यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा 1 जानेवारी 1863 पासून लागू झाली होती, पण दक्षिणेच्या बाजूने असलेल्या टेक्सासमध्ये ती अमलात आणणारं कुणी नव्हतं. दक्षिणेच्या मुख्य सैन्याने एप्रिल 1865 मध्ये शरणागती पत्करली, तरी इथले सुमारे अडीच लाख लोक गुलामच होते. 19 जून 1865 ला उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल गॉर्डन ग्रेंजरने गॅल्व्हेस्टन या बंदरात हुकूम काढला आणि ते कायद्याने मोकळे झाले. हुकुमात हेही होतं की आहात तिथेच राहा आणि मजुरीवर काम करा. स्वातंत्र्य दिलं ते असं, हात आखडता घेऊन.

पुढच्याच वर्षापासून लोक हा दिवस साजरा करू लागले. सार्वजनिक बागांत त्यांना जागा मिळेना, तेव्हा ह्यूस्टनमध्ये जॅक येट्स या धर्मगुरूच्या पुढाकाराने वर्गणी काढून 1872 मध्ये 10 एकर जमीन विकत घेतली. काही वर्षांपूर्वी ज्यांची स्वतःचीच खरेदी-विक्री होत होती, त्या माणसांनी पै-पै जमवून घेतलेली ही जमीन! तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. 19 जूनला तिथे जा. लाल सरबतं, भाजलेलं मांस, गाणी, आणि चार-चार पिढ्या एकत्र आलेली कुटुंबं भेटतील. 1980 पासून ही राज्याची सुट्टी आहे आणि 2021 पासून सगळ्या देशाची.

1936 च्या शताब्दीसाठी डॅलसच्या फेअर पार्कमध्ये भव्य प्रदर्शन भरलं, त्यात काळ्या समाजाच्या जीवनावरचं एक दालनही होतं आणि ते मुद्दाम 19 जूनलाच उघडलं. प्रदर्शन संपलं, बाकीच्या कितीतरी इमारती राहिल्या आणि हे दालन पाडून टाकलं. दुसरीकडे, गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या वीरांचा म्हणून 19 जानेवारी हा दिवस राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आहे. मला हे पटत नाही, आणि इथल्या अनेकांनाही पटत नाही.

आता अशी तारीख, जी तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते: 18 मार्च 1937. पूर्व टेक्सासात न्यू लंडन नावाचं छोटं गाव आहे. आसपास तेल लागल्यामुळे तिथली शाळा देशातल्या श्रीमंत ग्रामीण शाळांमध्ये गणली जायची. तरीही खर्च वाचवायला शाळेने गॅसचं नेहमीचं कनेक्शन बंद केलं आणि तेलकंपनीच्या उरलेल्या गॅसच्या पाइपला नळी जोडली. तो गॅस कंपन्या नाहीतरी जाळूनच टाकत, त्यामुळे तसं बरेच जण करत. पण त्याला वास नव्हता. इमारतीखालच्या पोकळीत तो गळून साचत गेला. मुलं डोकं दुखतंय म्हणत होती, पण त्यामागचं कारण कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या गुरुवारी शाळा सुटायला थोडाच वेळ असताना कार्यशाळेच्या शिक्षकांनी लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं. ठिणगी उडाली, छप्पर वर उचललं गेलं आणि सगळी इमारत खाली बसली. जवळपास 300 जण गेले, बहुतेक मुलंच. शेजारच्या व्यायामशाळेत पालकसभा चालू होती, म्हणजे कित्येक आया हाकेच्या अंतरावर होत्या. तेलविहिरींवरचे कामगार धावले, त्यातले बरेच त्याच मुलांचे बाप. रात्रभर, पावसात, त्यांनी ढिगारा उपसला. टायलर गावातलं नवं रुग्णालय दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं, ते स्फोटाच्याच दिवशी उघडलं. ढिगाऱ्यात एक फळा सापडला. तेल आणि गॅस ही पूर्व टेक्सासला लाभलेली मोठी देणगी आहे, ती नसती तर ही शाळाच नसती, अशा अर्थाचं त्यावर खडूने लिहिलेलं होतं.

त्याच वर्षी टेक्सासने गॅसमध्ये वासाचं रसायन मिसळणं सक्तीचं केलं आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. पुण्यातल्या घरात सिलिंडर गळला की जो उग्र वास येतो, तोही असाच मुद्दाम मिसळलेला असतो.

गॅल्व्हेस्टनला गेलात तर 8 सप्टेंबर 1900 लक्षात ठेवा. त्या वादळात निदान 6000 माणसं गेली, बरेच अभ्यासक 8000 म्हणतात. अमेरिकेतली ही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती. त्यानंतर शहराने समुद्राला 17 फूट उंच भिंत घातली आणि दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलून खाली वाळूचा भराव टाकला. तुम्ही तिथे चालाल ती जमीन त्या भरावाची आहे. खाडीपलीकडच्या टेक्सास सिटीत 16 एप्रिल 1947 ला खत भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन 581 जण गेले. गावच्या अग्निशमन दलातल्या 28 पैकी 27 जवान त्यात होते.

ऑस्टिनहून सुरुवात करायला 2 मार्चच्या जवळचा शनिवार-रविवार बरा. वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला तेव्हा कार्यक्रम असतात आणि एका दिवसात जाऊन येता येतं. न्यू लंडनला मात्र सवड काढून जा. रस्त्याच्या मधोमध ग्रॅनाइटचं स्मारक आहे, समोर छोटं संग्रहालय. नावं दगडावर कोरलेली आहेत. एकच आडनाव लागोपाठ दोनदा-तीनदा आलेलं दिसलं, की ती भावंडं असतील असं समजून वाचा.