फुकट चालणाऱ्या प्रौढ व्हिडिओ-संकेतस्थळांचा धंदा नेमका कोणाच्या हातात असतो?

प्रेक्षकाकडून एक पैसाही न घेता ही संकेतस्थळे जगतात कशी आणि २०२० मध्ये पॉर्नहबने लाखो व्हिडिओ एकाएकी का काढले, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे कार्ड-पेमेंटच्या व्यवसायात काढली असल्यामुळे मला दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी दिसतात.

फुकटची गर्दी जमवायची, तिला जाहिराती दाखवायच्या आणि तिच्यातल्या थोड्यांना सशुल्क सदस्यत्वाकडे वळवायचे, ही या धंद्याची रीत आहे. २००७ मध्ये मॉन्ट्रियलला सुरू झालेल्या पॉर्नहबवर कोणीही व्हिडिओ अपलोड करू शकत असे आणि त्यांत स्टुडिओंचे चोरलेले चित्रीकरणही असे. गंमत अशी, की या चोरीची झळ बसलेल्या क्षेत्रातला डिजिटल प्लेग्राउंड हा नामांकित स्टुडिओ २०१२ मध्ये पॉर्नहबच्याच तेव्हाच्या मालक कंपनीने, मॅनविनने, विकत घेतला.

चोरीपेक्षा गंभीर प्रश्न संमतीचा होता. ‘गर्ल्स डू पॉर्न’ या सॅन दिएगोच्या कंपनीने तरुणींना, चित्रीकरण इंटरनेटवर कधीच येणार नाही, असे सांगून फसवले होते. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने २२ महिलांना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर मंजूर केले. याच कंपनीचे व्हिडिओ पॉर्नहबवर अधिकृत भागीदार म्हणून दाखवले जात होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पॉर्नहबच्या मालक कंपनीने (तिचे नाव आता आयलो आहे) त्यातून पैसे मिळाल्याचे अमेरिकी सरकारी वकिलांपुढे मान्य करून १८ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे कबूल केले.

मात्र व्हिडिओ हटले ते न्यायालयामुळे नव्हे. ४ डिसेंबर २०२० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये अल्पवयीन मुलांच्या शोषणाच्या चित्रफितींविषयी निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला, १० तारखेला व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी पॉर्नहबवर आपली कार्डे चालणे बंद केले आणि १४ तारखेला ओळख न पटवलेल्या सर्व खात्यांचे व्हिडिओ दिसेनासे झाले. ते लाखो नव्हे, जवळजवळ कोटीभर होते! पीडित महिला ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत होत्या, ते दहा दिवसांत घडले.

मला यात समाधान वाटते, तशी अस्वस्थताही वाटते. कारण कार्डे बंद होताच, ओळख पटवून स्वेच्छेने व्हिडिओ विकणाऱ्या कलाकारांचेही उत्पन्न थांबले आणि त्यांना दाद मागायला जागा नव्हती. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सनेही (कलाकार चाहत्यांकडून थेट वर्गणी घेतात ते संकेतस्थळ) बँकांचे कारण देऊन लैंगिक चित्रण बंद करण्याची घोषणा केली. कलाकार खवळले, आणि आठवड्याच्या आत, आता हव्या त्या हमी मिळाल्या आहेत, असे सांगून ओन्लीफॅन्सने ती घोषणा मागे घेतली.